चार खुर्च्या आणि माझा शेरा

मी, जोतीराम केरबा चौगुले, वय ६४, निवृत्त लेखनिक, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, साखर वाढलेली असली तरी डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझं स्वकष्टार्जित दोन खोल्यांचं घर विकावं. ती रक्कम गरजू मुलींच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवावी. व्यवस्था पुतण्या अतुल पाहील. अट एकच: अर्ज करणाऱ्या मुलीच्या घरी कुणीही पाहणीला जायचं नाही.

२. अटीचं कारण लिहितो. एका धर्मादाय प्रतिष्ठानात मी सव्वीस वर्षं होतो. शिष्यवृत्ती मागणाऱ्यांची घरं बघून शेरा मारणं हे माझं काम. जून १९९८ मध्ये गडमुडशिंगीला भाऊसो कांबळे यांच्या घरी गेलो. त्यांच्या संघप्रियाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. पुढच्या खोलीत चार नव्या खुर्च्या, टेबलफॅन, काचेचे कप. चहा मी घेतला नाही. का, ते मला ठाऊक आहे आणि त्यांनाही कळलं. शेरा लिहिला, "परिस्थिती बरी. मदतीची गरज नाही."

यादी लागल्यावर भाऊसो कचेरीत आले. "पावणं येणार म्हणून शेजारनं मागून आणल्या खुर्च्या, सायब. तुमास्नी काय भुईवर बसवायचं व्हय?"

खुर्च्यांच्या पाठीवर 'पिराजी' असं दुसऱ्याचं नाव रंगवलेलं मी पाहणीच्या दिवशीच वाचलं होतं. तरी शेरा बदलला नाही. बदलला असता तर चूक माझ्या नावावर लागली असती. प्रवेशाची मुदत गेली. पोरगी एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर लागली आणि दोन वर्षांत उजव्या हाताची चार बोटं गमावून बसली. मला याची लाज वाटते.

३. चिरंजीव उदयसिंह यास काही नाही. शिष्यवृत्ती मिळालेल्यांच्या त्याच यादीत त्याचं नाव होतं. आमच्या घराच्या पाहणीचा कागद मी कचेरीत बसूनच भरला होता. त्याचा वाटा त्याला तेव्हाच पोचला.

४. निरोप समारंभातली शाल आणि मानपत्र प्रतिष्ठानाच्या सेक्रेटरींना परत करावं. त्यात माझ्या पारखी नजरेचं कौतुक आहे. ते त्यांच्याच भिंतीवर शोभेल.

५. घर संघप्रियालाच द्यायचं होतं. गेल्या रविवारी तिच्या घरी गेलो, भुईवर बसलो, चहा मागून घेतला. ती म्हणाली, "घर नको मला. साक्षीला येईन."

आज वकिलांनी तिला बजावलं, "बाई, साक्ष घालणाऱ्यानं पुढं त्याच मृत्युपत्रातली मिळकत घेऊ नये."

"म्हणूनच सही करायची हाय मला," ती म्हणाली.

हा कागद मी माझ्या हातानं लिहिला आहे. यातला एकही शब्द दुसऱ्याचा नाही.

कोल्हापूर, दि. १४ नोव्हेंबर २००५

सही: जो. के. चौगुले

साक्षीदार:
१. कृष्णात गुंडू पाटील, शेजारी
२. संघप्रिया भाऊसो कांबळे, गडमुडशिंगी (सही डाव्या हाताने)