बाबांच्या मापाचा ब्रेक

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (हात ग्रीसने माखलेत, त्यामुळे लांबूनच). तू, वहिनी आणि तुझं पित्त, तिघंही ठीक असाल अशी आशा आहे. आई माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर आम्हीही इकडे खुशाल आहोत.

बाबांचा उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा त्यांनी सुटे भाग जमवून स्वतः जोडलेली मोटारसायकल विकायची, हे तू परस्पर ठरवलंस आणि गिऱ्हाईकही शोधलंस. तुझा उरक दांडगा. वर अट घातलीस, की बाबांनी स्वतः चालवत गाडी तुझ्या दारात आणून थांबवली, तरच गिऱ्हाइकाला नाही म्हणीन. तेव्हापासून बाबा मान खाली घालून जेवतात, आणि मला ते बघवत नाही. म्हणून फूटरेस्ट, गिअर आणि ब्रेकचं पेडल सगळंच इंजिनाच्या पुढे न्यायचं मी ठरवलं, म्हणजे पाय लांब ठेवून चालवता येईल. जन्मभर लोकांची लोखंडी गेटं जोडणाऱ्या मला दोन ब्रॅकेट म्हणजे हातचा मळ, असं वाटलं होतं.

माप घ्यायला बाबांना गाडीवर बसवलं आणि पाय पुढे करा म्हटलं. त्यांनी केला. डावा. (दुखणं कुणाला दाखवायचं नाही, हा आपल्या घराचा बाणा. तूही सुजलेला गाल घेऊन लग्नाला उभा राहिला होतास.) मी शहाणीने त्याच मापावर दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट वेल्ड केले, रंगही दिला.

मग बाबांनी गाडी गल्लीत काढली. गल्ली उताराची, आणि या गाडीला हाताचा ब्रेक नाही, कारण तो शोभत नाही म्हणून बाबांनीच तरुणपणी काढून टाकलाय. सगळी भिस्त उजव्या पायावर. मी मागून बघत होते. पाय पेडलकडे जात होता आणि अलीकडेच थांबत होता. पुन्हा गेला, पुन्हा थांबला. मी पळत सुटले (पाना हातात, त्यामुळे बघणाऱ्यांचा भलताच समज झाला). बाबांनी एकेक गिअर खाली टाकत चावी फिरवून इंजिन बंद केलं, गाडीने हिसका दिला आणि ती लॉन्ड्रीवाल्याने वाळत घातलेल्या चादरींत शिरून थांबली. चादरीआडून बाबा बाहेर येईपर्यंत मी काय काय मनात आणलं ते लिहवत नाही. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "काका, ही धुतलेली होती." टायरच्या नक्षीची ती चादर त्याने आईला नेऊन दाखवली. आईच्या अबोल्याचं कारण हेच.

वर्कशॉपात परतल्यावर बाबा स्टुलावर बसले. मग त्यांनी दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून समोर ठेवला आणि म्हणाले, "हा पुरता सरळही होत नाही, एवढाच जातो गं. आता याचं माप घे."

मला रडूच आलं. वेल्डिंगचा चष्मा चढवला आणि माप घेतलं. उजव्या बाजूचे ब्रॅकेट कापून मागे आणले, ब्रेकचा रॉडही तेवढाच आखूड केला. आता उजवा फूटरेस्ट डाव्यापेक्षा चार बोटं मागे आहे. दिसायला गाडी ध्यान दिसते, पण बाबांना बरोबर बसते.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. गाडी राहिली तर हाताचा ब्रेक बसवून घेईन, असं बाबांनी कबूल केलंय. शोभेचा विषय त्यांनी स्वतःच मागे घेतला. तेव्हा गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळव.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. बाबांच्या खिशात घालून त्यांना गाडीवरून तुझ्याकडे पाठवलंय. (आईला बसने गेलेत असं सांगितलंय, तेवढं सांभाळून घे.) म्हणजे तू हे वाचतोयस याचा अर्थ ब्रेक लागला. ते अजून गाडीवरच बसलेले असतील. उतरताना हात द्यायला धावू नकोस, नुसता जवळ उभा राहा.