नाकाखालची जागा

पूज्य भंतेमामांना भाच्याचं सादर वंदन.

मायन्यातच अडखळलोय, सांभाळून घ्या. नुसतं ‘मामा’ लिहावं तर तुम्ही चीवर घेतल्याला आता बरीच वर्षं झाली, आणि नुसतं ‘भंते’ लिहावं तर ज्यांच्या खांद्यावर बसून मी त्यांचे केस ओढले (तेव्हा तुम्हाला केस होते) त्यांना एकदम असं परकं करणं जिवावर येतं. म्हणून दोन्ही. तब्येत कशी आहे? शरीर अनित्य आहे हे तुम्हीच शिकवलंत, पण त्या अनित्य शरीराचा गुडघा गेल्या थंडीत धरला होता, तेव्हा चौकशी करणं भाग आहे. तेल लावता का? बसताना गुडघ्याखाली उशी घेता, की तिथेही तुमचं नेहमीचं ‘चालतंय की’? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे वाचालच.

तर मामा, तुमचा भाचा वस्तऱ्याशिवाय बसला होता. तुम्हाला माझे सासरे आठवत असतील. नसतील तर त्यांची मिशी नक्की आठवत असेल. त्या मिशीमुळेच सगळी गल्ली त्यांना कॅप्टन म्हणते. फौजेत ते कधीच नव्हते, आयुष्यभर लोकांच्या दाढ्याच केल्या, पण ती मिशी बघून एकदा एका खऱ्या सुभेदाराने त्यांना सलाम ठोकला होता आणि त्यांनी तो घेतलाही होता. अशा माणसाच्या दुकानात मी दुसऱ्या खुर्चीवर काम करतो. काम चांगलं करतो, हे मी नाही, गिऱ्हाईकं म्हणतात. फक्त लक्ष जागेवर नसतं. हात कानाशी असतो आणि मन नळ बंद केला होता की नाही ते बघायला वरच्या मजल्यावर घरी गेलेलं असतं. त्यातच समोरच्या दातांच्या डॉक्टरांचा डावा कल्ला गेला. मग बरोबरी साधायला उजवा घेतला, तो जरा जास्त गेला, म्हणून पुन्हा डावा. असं करत करत आम्ही दोघं त्यांच्या कानाच्या बऱ्याच वर पोचलो. एरवी वाढले असते हो कल्ले, पण डॉक्टर त्याच दिवशी दवाखान्याच्या नव्या पाटीसाठी फोटो काढायला निघाले होते. आता ती पाटी आमच्या दाराच्या बरोबर समोर आहे. तीवरून डॉक्टर दिवसभर हसतात आणि मी दिवसभर बघतो.

कॅप्टन ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला. आमच्या दुकानाची रीत अशी की वस्तरा मोठ्याच्या हातून मिळतो आणि चुकलं तर मोठ्याच्याच हातात परत द्यावा लागतो. मी दिला. मग केस झाडणं, टॉवेल गरम करणं, तुरटी धुणं, ही कामं माझ्याकडे आली. (माझं वय तुम्हाला माहीत आहे. टक्कलही आता लपत नाही.) अट एकच घातली: ज्या दिवशी मी खुद्द कॅप्टनची दाढी या कानापासून त्या कानापर्यंत, मन दुकानाबाहेर न जाऊ देता करीन, त्या दिवशी वस्तरा परत. नाहीतर दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने. ही पोकळ धमकी नव्हती. कॅप्टनचा हात हल्ली थरथरतो. ते तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेकवून लपवतात, पण मला दिसतं. कव्हरवाला येऊन भिंतीचं माप घेऊन गेला तेव्हा बायको जिन्यात बसून रडली. ती त्याच दुकानात पाटावर बसून लिहायला शिकली आहे. मी त्याच क्षणी ठरवलं, काय वाटेल ते झालं तरी एकाग्रता आणायची, आणि तुम्हाला फोन केला.

तुम्ही फोनवर सांगितलंत ते मी अक्षरशः पाळलं, मामा, हे लक्षात ठेवा. (पुढे तुमच्यावर थोडं बालंट येणार आहे.) तुम्ही म्हणालात, पाठ ताठ ठेव, डोळे मीट, नाकाखाली वरच्या ओठावर जिथे श्वास लागतो त्या जागेवर मन ठेव, आणि गेलं की न चिडता परत आण. ऐकायला किती सोपं! पहिल्या दिवशी मला ती जागाच सापडली नाही, कारण नाक चोंदलं होतं. नाक सुटलं तेव्हा मन सुटलं. आणि न्हाव्याचं मन भटकतं तेही रिकाम्या हाताने भटकत नाही. डोळे मिटले की एकेक चेहरा समोर येतो आणि मी त्याला मनातल्या मनात खुर्चीत बसवून चादर बांधतो. शाळेतले मास्तर आले, त्यांची मान साफ केली. लग्न लावणारे अधिकारी आले, त्यांचा भांग बदलला. तुमच्या विहारातले सगळे भिक्खूसुद्धा ओळीने येऊन गेले, पण तिथे करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मन परत श्वासावर आलं. तेवढाच काय तो धम्माचा प्रताप.

घरची मदत विचाराल तर, डोळे मिटून बसलेला नवरा म्हणजे रिकामा नवरा, असं आमच्याकडे धरून चालतात. मांडी घातलेली दिसली की बायको तीवर वाळलेले कपडे आणून ठेवते, म्हणे तू बसलाच आहेस तर इस्त्रीवाला येईपर्यंत सांभाळ. एकदा मन खरंच शांत झालं. इतकं शांत की काळाचं भान राहिलं नाही. मी डोळे उघडून तिला म्हटलं, आज समाधी लागली. तिने विचारलं, समाधीत घोरतात का? यावर तुमचं शास्त्र काय सांगतं ते कळवा, कारण त्या दिवसापासून घरात समाधी हा शब्द फार हलक्या अर्थाने वापरला जातो.

दुकानातही सराव चालू ठेवला. जे काम करतोस त्यातच राहा, असंही तुम्ही म्हणाला होतात. मी केस झाडताना फक्त झाडू लागलो. बोलणं बंद. झालं, गिऱ्हाइकांत कुजबुज सुरू. आमच्याकडे लोक निम्मे दाढीला येतात आणि निम्मे गप्पांना. गप्प न्हावी म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलेलं असणार. पेन्शनर आजोबांनी माझा हात हातात घेऊन माझं सांत्वन केलं, कोण गेलं ते न विचारता. मीही श्वासावर होतो म्हणून काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी चार माणसं बायकोला भेटायला वर गेली. तिने मला खाली येऊन काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तेही मी न चिडता ऐकलं.

पण मामा, मी हटलो नाही. मग फुगा काढला. आमच्या धंद्यात नवशिक्याला आधी फुग्यावर शिकवतात. फुगवायचा, साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने फेस अलगद उतरवायचा. (कॅप्टनचा वस्तरा मिळत नव्हता म्हणून मी स्वतःच्या पैशाने साधा आणला.) या फुग्याएवढा खरा गुरू मी पाहिला नाही, तुमची क्षमा मागून सांगतो. मन श्वासावर आहे तोवर तो गुमान दाढी करून घेतो. मन जरा नळाकडे गेलं की फट्! तोंडभर फेस. वर बायकोला आवाज ऐकू जाई आणि ती जिन्यातून विचारी, आता कुठे गेला होतास? मी खरं सांगे. कधी बँकेत, कधी डॉक्टरांच्या पाटीवर, एकदा तर तिच्याच माहेरच्या मावशीशी भांडायला. पुढे पुढे आवाज कमी झाले. ती मुद्दाम जिन्यात येऊन थांबू लागली. आणि एके सकाळी मी अख्खा फुगा साफ केला, तो तसाच गोल, गुळगुळीत, टेबलावर डुलत राहिला. बायकोने तो उचलून गालाला लावला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता. (हे वाक्य तिला दाखवणार नाही.)

मी कॅप्टनना सांगितलं, मी तयार आहे. ते पहिल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी आपला वस्तरा स्वतः पट्ट्यावर घासून माझ्या हातात दिला. दुकान अजून उघडलं नव्हतं. मी फेस केला, गरम टॉवेल ठेवला, उचलला, कॅप्टननी डोळे मिटले आणि मी सुरुवात केली. मामा, खोटं नाही सांगत, तसं मला पूर्वी कधीच झालं नव्हतं. नळ नाही, बँक नाही, पाटी नाही. माझा श्वास माझ्या ओठावर लागत होता आणि कॅप्टनचा श्वास त्यांच्या ओठावरचा फेस हलवताना दिसत होता. तुम्ही सांगितलेल्या जागेवर माझं मन असं बसलं की ओठ माझा कुठला आणि त्यांचा कुठला हेही उरलं नाही. वस्तरा चालत होता. आणि मन जिथे, हात तिथे, हे तर तुम्ही मान्य कराल. मी मान वर केली तेव्हा टॉवेलवर मिशी होती. सगळी. कॅप्टनना एक ओरखडा नाही, गाल लोण्यासारखा, आणि नाकाखाली तुमची ती जागा लख्ख.

कॅप्टननी आरशात पाहिलं. मी जमिनीकडे. तेवढ्यात आवाज नाही म्हणून बायको खाली आली, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा बापाचा वरचा ओठ पाहिला. मधे जरा दुमडलेला, कडेला वर गेलेला, हुबेहूब तिचाच. तिने आधी त्यांच्या ओठाला बोट लावलं, मग स्वतःच्या, आणि हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कॅप्टन हसले नाहीत. टॉवेल दे, एवढंच म्हणाले, वस्तरा पुसून मिटला, खिशात ठेवला, तोंडाला मफलर गुंडाळला आणि वर गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. दुकान बंद आहे. पास की नापास, काहीच कळत नाही. मी मात्र रोज बसतोय. तुम्ही म्हणाला होतात ना, फळाकडे बघू नकोस. बघायला धीरच होत नाही, तेव्हा ते आपोआप जमतंय.

गुडघ्याला जपा. बायकोचं वंदन.

तुमचा,
भाचा

ता. क. हे पत्र ज्या गृहस्थांनी तुमच्या हातात दिलं, मफलरवाले, तेच कॅप्टन. मिशीशिवाय त्यांना गल्लीत तोंड दाखवायचं नाही. तुमच्याकडे कुणालाच मिशी नसते म्हणून बायकोने हा मार्ग काढला. मिशी पुरती वाढेपर्यंत त्यांना ठेवून घ्या. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. बाकी सगळं प्रस्तावना समजा.

ता. क. आणखी एक, आणि हे फक्त तुमच्यापुरतं. त्या सकाळचं मी वर लिहिलं ते निम्मं खरं आहे. हनुवटी होईपर्यंत मन खरोखर शांत होतं. मग मनात आलं, अरे, जमलं! हे मामांना कळवलंच पाहिजे. आणि मी मनातल्या मनात हे पत्र लिहायला घेतलं. मायन्यात ‘मामा’ लिहावं की ‘भंते’, या विचारात होतो, तेवढ्यात मिशी गेली. कॅप्टनना कृपा करून सांगा की अतिएकाग्रतेने असं होतं. तुमच्या तोंडून पटेल. दुकानाचा प्रश्न आहे.

ता. क. भंतेजींना नमस्कार. हे मी लिहितोय, सासरा. जावई पाकीट चिकटवायला विसरला. बसमध्ये वाचून काढलं. त्याला वाटतं माझे डोळे मिटले होते. वस्तरा मिशीकडे वळला तेव्हाच मी आरशात पाहिला. हात धरता आला असता. पण तो हात जरासुद्धा कापत नव्हता हो. माझा किती दिवसांत तसा चालला नाही. म्हटलं चालू दे, बघू तरी. कव्हरवाल्याला मी निघायच्या आधीच नाही म्हणून सांगितलं आणि वस्तरा पोरीजवळ देऊन आलोय. त्याला एवढ्यात कळवू नका. भीतीने का होईना, रोज बसतोय, तर बसू दे.