एकास आठ मापाची होडी

बाबा,

तुमची होडी मी बांधली. एकास आठ या मापाने, म्हणजे नकाशातल्या सोळा फुटांचे माझे दोन फूट झाले, आणि पहिल्याच दिवशी वडाळी तलावात ती आडवी पडली. हे आधीच सांगून टाकते, कारण लांबवून सांगितलेली गोष्ट तुम्हाला खपायची नाही. "मुद्द्यावर ये बाई," म्हणायचात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः चाळिशी ओलांडली, अकोल्याला कॉलेजात मुलांना गणित शिकवते, तरी तुमच्याशी बोलताना अजून मुद्द्यावर यायची घाई होते.

नकाशांची ती गुंडाळी अमरावतीच्या घरी, दादाकडेच होती. तुम्ही धरणाच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. एकदा प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलात आणि आमच्यासाठी कपडे आणण्याऐवजी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून शिडाच्या होडीचे नकाशे घेऊन आलात. मला आठवतं ते स्वयंपाकघर. मोकळी फरशी तेवढी तिथेच, म्हणून तुम्ही कागद तिथे पसरले आहेत, कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, मिठाची बरणी आणि तुमचा चष्म्याचा डबा. आई भाकरी थापायची थांबून बघते आहे. "रिटायर झालो का बांधतो," तुम्ही म्हणता, "आन आपल्या धरनात सोडतो." आई म्हणते, "समुद्र नाई, खाडी नाई, आन हे नाव बांधून राह्यले. मी चूल कुठी मांडू, नावेत का?" तुम्ही अगदी गंभीरपणे नकाशावर बोट ठेवता, "हे पाय, इथं जागा हाय." त्यानंतर कित्येक वर्षं भाजी खारट झाली की आई म्हणायची, नावेतली चूल हाय, समुद्राचं पानी उडलं असन.

रिटायर व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. नकाशे तसेच राहिले. मागच्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून दादाने माळा रिकामा केला, तेव्हा गुंडाळी खाली आली आणि मी ती मागून घेतली. का मागितली ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. तुमची इच्छा पुरी करायची, असं मी रोजनिशीत लिहिलं, मग ते वाक्य मलाच फार सजवलेलं वाटलं म्हणून खोडलं. सोळा फुटांची होडी माझ्या फ्लॅटच्या जिन्यातून उतरणार नव्हती. तेव्हा ठरवलं की लहान करायची, पण शोकेसमध्ये ठेवायची नाही. चालणारी करायची, रिमोटवर, शीड ओढणारी आणि सुकाणू फिरवणारी. नकाशातल्या एका फुटाचा माझ्याकडे दीड इंच. परतवाड्याच्या लाकूडबाजारातून सागाच्या पातळ पट्ट्या चिरून आणल्या. होडीच्या फासळ्यांचे बाक काढायला मी बी.एस्सी. झाले तेव्हा तुम्ही दिलेल्या वक्रपट्ट्या घेतल्या. त्या दिवशी मला घड्याळ हवं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "टाइम कोनीही सांगते. गोलाई काढता आली पायजे." तेव्हा मी रुसले होते. गॅलरीत बसून पट्टीला पट्टी चिकटवताना मात्र ती गोलाई हाताखाली अशी उमटत गेली, की मध्येच उठून चहा करायचंही सुचायचं नाही.

होडी मांडीवर घेऊन बसने अमरावतीला निघाले. कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, बडनेऱ्याले पूर हाय का? आमाले काई खबर नाई." सगळी बस हसली, मीही हसले. तलावावर दादा आला होता. पाच-सहा रिकामटेकडेही जमले. "इंजन कुठी हाय?" एकाने विचारलं. दादा म्हणाला, "हवेवर चालते." वारा बेताचाच होता. होडी दोन हात गेली, शीड भरलं, ती झुकली आणि झुकतच गेली, शीड पाण्यावर टेकलं. "हवा जास्त झाली वाट्टे," तोच माणूस म्हणाला. गुडघाभर पाण्यात उतरून मी ती ओढून आणली.

चूक मी केली, आणि ती माझ्या विषयातली होती. माप आठपट कमी केलं की शीड चौसष्टपट लहान होतं, पण वजन पाचशे बारा पटींनी कमी होतं. वारा मात्र कोणी लहान करून देत नाही. शिवाय मोठ्या होडीत माणसं असतात. वारा शिडात शिरला की ती उलट बाजूच्या काठावर जाऊन बसतात आणि आपल्या अंगाने तोल सावरतात. नकाशा काढणाऱ्याने ती माणसं गृहीत धरली होती. माझ्या होडीत कोणीच नव्हतं. उपाय एकच होता. तळाशी पाण्यात जाणारी जी उभी फळी आहे, ती नकाशापेक्षा बरीच खोल करायची आणि तिच्या टोकाला शिसं बसवायचं. म्हणजे नकाशा मोडायचा.

दादा ऐकायला तयार नव्हता. त्याला ती जशीच्या तशी हवी होती, बैठकीत तुमच्या फोटोखाली ठेवायला. "बाबाच्या नकाशाले हात नको लावू. आठवन हाय थे, खेळनं नाई."

"बाबाले आठवन नव्हती बांधाची, होडी बांधाची होती," मी म्हटलं.

"तुले काय मालूम बाबाले काय पायजे होतं?"

मी होडी घेऊन अकोल्याला परतले आणि कितीतरी दिवस तिला हात लावला नाही. कारण दादाचा आवाज तुमचाच होता. सुट्टीत मी तुमच्या ऑफिसात यायची. एकदा धरणाच्या नकाशातला भिंतीचा एक कोपरा मला ओबडधोबड वाटला म्हणून मी तुमच्या पेनने तो गोल केला. तुम्ही ओरडला नाहीत. ब्लेडने हळूहळू शाई खरवडत बसलात आणि म्हणालात, "कागद हाय म्हनून तुले कागद वाटते. उद्या याच्यावर भित उभी राह्यते." मग मला नकाशाच्या कोपऱ्यातला एक लहान चौकोन दाखवलात. काय बदल केला, कोणी केला, कोणी मंजूर केला, असे त्यात रकाने होते. "बदल कराचा तं इथं लिहून कराचा. चोरून नाई." हे शेवटचं वाक्य तुम्ही खरंच म्हणालात, की आता मला सोयीचं म्हणून मी तुमच्या तोंडी घालते आहे, हे मी बरेच दिवस तपासलं. नक्की सांगता येत नाही. चौकोन मात्र होता, तो मी पाहिला आहे.

तेव्हा मी तळाचा भाग नव्या ट्रेसिंग कागदावर काढला, कोपऱ्यात तसाच चौकोन आखला, बदल लिहिला, सही केली. मंजुरीचा रकाना मोकळा ठेवून कागद अमरावतीला दादासमोर ठेवला. लहानपणी तोही तुमच्या ऑफिसात यायचा, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने एकेका रकान्यावर बोट ठेवत कागद वाचला.

"मंजूर कोन करनार?"

"बाबाच्या मांगं घरात मोठा कोन हाय?"

"मस्का नको लावू," तो म्हणाला. वहिनीकडून पेन मागून घेतलं आणि सही केली. खाली रेघही मारली, तुमच्यासारखी.

चाकांचा तोल साधायला लावतात ते शिसं टायरच्या दुकानातून आणून वितळवून ओतलं. पोळ्याच्या आधी आम्ही पुन्हा वडाळीला गेलो. वारा या वेळी चांगलाच होता. होडी झुकली. दादा म्हणाला, "गेली, गेली," आणि ती तिथेच थांबली, कलती, आणि तशीच कलत पाणी कापत निघाली. मी रिमोटवरून शिडाची दोरी सैल केली, सुकाणू फिरवलं, ती वळली, शीड फडफडून दुसऱ्या बाजूला भरलं आणि ती परत आमच्याकडे यायला लागली. दादा कठड्यावर बसला होता. "बाबा असते तं," एवढंच म्हणाला आणि रुमाल काढला. मी "हो ना" म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. दादालाही ते दाखवणार नाही, त्याला वाईट वाटेल. कारण मी "हो ना" म्हटलं ते नुसतंच. माझं लक्ष तेव्हा पलीकडच्या काठावरून येणाऱ्या वाऱ्याकडे होतं. होडी पाण्यात होती तोवर, बाबा, मला तुमची एकदाही आठवण आली नाही.