विणीच्या आतली नळी

मिस्त्री,

आज मी एक नळी उभी चिरली. इथं कुवेतच्या गॅरेजात आम्ही गाड्यांना तारेनं विणलेल्या ब्रेकच्या नळ्या करतो. नळी विणूनच येते. आपण मापानं कापायची, टोकं बसवायची, दाब देऊन बघायची. एका गिऱ्हाइकाचं पॅडल खाली जात होतं म्हणून त्याची कुठंतरी बाहेर केलेली जुनी नळी काढली. वरून वीण अशी, की हात फिरवत राहावं. चिरली तर आतलं रबर सडक्या केळ्यासारखं बोटाला लागलं. आमच्या मलबारी फोरमननं वास घेतला आणि म्हणाला, "डीझल का पाइप डाला है. ब्रेक का तेल लगा तो फूलता है. ऊपर जाली है ना, दिखता नहीं." जेवायची सुट्टी झाली तरी मी तिथंच बसून होतो.

मी तुमच्या हाताखाली शिकत होतो तेव्हाची ती पेठेतल्या व्यापाऱ्याची जुनी विलायती गाडी आठवली. तिची नळी सोलापुरात नाही, पुण्यात नाही, मुंबईहून बी हात हलवत माणूस परत आला. तेव्हा तुम्ही म्हणालात, विणकरांच्या गावात राहून नळीला रडायचं? आणि मला सायकलवर घालून पूर्व भागात त्या तेलुगू काकांकडं नेलंत, जे नाडे विणायचे. त्या खोलीत मनानं अजून बी मी जातो. मशीनवर सुताच्या कांड्या एकमेकींना हुलकावणी देत गोल फिरतायत, दारात काकू विड्या वळतायत, आणि तुम्ही खडखडाटावर ओरडून सांगताय की सुताऐवजी पोलादी तार भरायची आणि तुम्ही आणलेल्या या रबरी नळीवर विणायची. काका हसतात. "मिस्त्री, चादर माग, टॉवेल माग. गाडीला नाडा कशाला? चड्डी घालतीय काय ती?"

"घालतीय की! घाटात सुटू नये म्हणून तर तुमच्याकडं आलोय."

काकांनी नळी चिमटीत दाबून बघितली. "विणतो मी. पण आतलं हे चांगलं हाय ना?"

"आवो, डिझेल पचवती ही. ब्रेकचं तेल म्हंजी हिला च्या."

आपण तिघं बी हसलो. तार सारखी तुटायची. काकांच्या बोटांना रक्त आलं, पण वीण एकसारखी उतरली, कुठं एक टाका ढिला नाही. टोकं तुम्ही लेथवर पितळेची काढलीत. बसवताना माझ्या हातून नळीला जरासा पीळ पडला तर पान्याचा दांडा माझ्या मनगटावर बसला. "नळीला पीळ, म्हंजी मान्साच्या आतड्याला पीळ. काढ!" परत बसवली. स्टेरिंग डावीकडं शेवटापर्यंत, उजवीकडं शेवटापर्यंत, कुठं घासत नाही ना. मग मी आत पॅडलवर, तुम्ही चाकाखाली. दाब. धर. सोड. दाब. धर. सोड. हवेचे बुडबुडे संपले तसं पॅडल दगडासारखं झालं, आणि गाडीखालून तुमचा आवाज आला, "हाय का न्हाय?" त्या दिवसाइतकं खूश मी तुम्हाला कधी बघितलं नाही.

पावसाळा सरला. व्यापाऱ्याचा ड्रायव्हर तापानं पडला म्हणून तुम्हीच ती गाडी घेऊन तुळजापूरला गेलता. येताना घाटात पॅडल तळाला गेलं. गाडी ट्रकमध्ये घालून आणली, आणि तुम्हाला वेगळं, पांढऱ्या कापडात. नळी फुटली तिथं वीण उसवून तारा बाहेर आल्या होत्या. सगळ्यांनी त्याच बघितल्या. आतलं रबर फुगून वीण फाडतंय हे कुणाला दिसणार? उघडी नळी असती तर फुगवटा तुम्हालाच आधी दिसला असता. काका तुमच्या दारात आले तेव्हा वैनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझं कुंकू तुमच्या नाड्यानं नेलं." काका हात जोडून गेले. पुढं त्यांच्याकडून कुणी नाडा बी घेईना. मशीन मोडीत घातलं आणि त्या वयात दुसऱ्याच्या मागावर मजुरीला लागले. मी तीन गॅरेजं बदलली, कुठं टिकलो नाही, शेवटी इकडं आलो.

आता मला माहीत झालंय. आणि तुमच्या गॅरेजवर तुमच्या नावाची पाटी हाय. तुमचा पोरगा चालवतो, आणि गिऱ्हाईक अजून त्याच पाटीवर येतं. तिथं कुणी म्हणालं, की मिस्त्रीनं चुकीची नळी घातली आणि त्यानंच मेला, तर वैनींच्या घरात काय उरतं? दुसरीकडं तो म्हातारा आपल्याच हातांना दोष देत मरायला टेकला असंल. मला वाटलं, तुम्हाला विचारावं. म्हणून लिहायला बसलो. पण कुठं टाकायचा हा कागद?

खोलीतला अक्कलकोटचा एक जण उद्या गावी निघालाय. जेवताना त्याला समोर बसवून काकांचा सोलापूरचा पत्ता दिला आणि निरोप म्हणवून घेतला. काकांना सांग, वीण चांगली होती, नळी खराब होती.

तो म्हणाला, "नळी कुनी आनली म्हनून इचारलं तर?"

"मिस्त्रीनं आनली, सांग."

"आन् मिस्त्रीच्या घरी काय सांगू?"

"काय नको."

वैनींना सांगायचं का नाही, ते आता काकांच्या हातात. काकांचा स्वभाव मला ठाऊक हाय. ते तोंड उघडणार नाहीत, आणि खरं सांगतो मिस्त्री, मी त्याच्याच भरवशावर निरोप धाडलाय.