पिनेला लावलेला फोटो

चि. संदेश,

बोटीवर तुला ‘आई बरी आहे’ एवढाच मेसेज केलाय. बाकीचं लिहून तांदळाच्या डब्यात ठेवतेय.

सोमवारी नारळ खवताना आईचा उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. थोड्या वेळाने सगळं पूर्ववत. शेजारची काकी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आली. मी रिक्षा बोलावली.

एमआरआयआधी अंगावरचं धातूचं सगळं काढायला लावतात. आईने बांगड्या दिल्या, पण पोलक्याच्या आतली सेफ्टी पिन सोडेना. शेवटी मीच काढली. पिनेला प्लास्टिकची पुडी, तीत गणपतीपुळ्याचा अंगारा आणि तुझा पासपोर्ट फोटो. फक्त तुझा, मेल्या! वीस वर्षं तिची पोलकी मी धुतेय.

मेंदूत डाग नाही. डॉक्टर म्हणाले, “झटका येऊन गेला, खूण ठेवली नाही. पुढचा ठेवील. गोळ्या चुकवू नका. वाचा किती वेळ गेली होती?”

“अकरा मिनिटं.”

“इतकं नेमकं?”

“घड्याळ समोरच होतं,” एवढंच म्हणाले. बाकीचं काय सांगणार? त्या अकरा मिनिटांत तिला तुझं नाव घेता येत नव्हतं. माझा हात घट्ट धरून ती माझ्याकडेच बघत होती.

बाहेर येताच तिने पिन मागितली.

तुझी ताई