सही त्यांची, मसुदा माझा

१८ मे
जर्मनीतल्या एका विद्यापीठाची पोस्टडॉक संशोधकाच्या जागेची जाहिरात. भाताचे देशी वाण, दोन वर्षं. माझाच विषय. पीएच.डी. होऊन चार वर्षं झाली, अजून कॉलेजात तासिका तत्त्वावरच. दर जूनला नव्याने मुलाखत. वय चौतीस. हे हुकलं तर पुन्हा अर्ज करायचा धीर होणार नाही. दोन शिफारसपत्रं हवीत.

२१ मे
गाइड सरांना फोन. "मसुदा तूच कर, मी सही करतो." कॉलेजातल्या विभागप्रमुख मॅडमही तेच म्हणाल्या. सगळीकडे असंच चालतं, मलाही वावगं वाटलं नाही. पण स्वतःचं कौतुक लिहायचं म्हणजे... तासभर कागद कोरा. शेवटी सरांच्या पत्रात हुशार झाले, मॅडमच्या पत्रात कष्टाळू.

२४ मे
पत्रं गेली. सरांनी वाचलंसुद्धा नाही.

१२ जून
शेवटच्या तिघांत आले! आईला सांगितलं.
"तिकडं भात व्हतो का?"
नाही म्हटलं.
"मंग तुला कशाला बोलवत्यात?"
खूप दिवसांनी पोटभर हसले.

१६ जून
तिथल्या प्राध्यापकबाईंचा मेल. दोन्ही पत्रांत एक वाक्य शब्दशः सारखं आहे: 'गाडी बंद असली तरी ती नमुने डोक्यावर घेऊन घाट उतरते.' हे कसं, ते मुलाखतीआधी लेखी कळवा.
एवढे शब्द बदलले, हेच कसं राहिलं? बाकीचं सगळं ओढूनताणून लिहिलं होतं. हे आपोआप आलं, दोन्ही वेळा, कारण खरं होतं.

१७ जून
संगमनेरला सरांच्या घरी. चिडले नाहीत, चहा दिला. म्हणाले, "कळव की मॅडमनी माझं पत्र बघून लिहिलं. विषय संपला." म्हणजे मॅडम चोर, आणि त्यांना पत्ताही नाही. निघताना म्हणाले, सोमवारी तुमच्या कॉलेजात तासिकांच्या मुलाखतींना तज्ज्ञ म्हणून मीच येतोय. सहज म्हणाले असतील. नसतील.

१८ जून
आई रोपाच्या वाफ्यात तण काढत होती. शेजारी बसून सगळं सांगितलं.
"तू लिवलं ते खोटं हाय का?"
नाही.
"मंग सांग की त्यास्नी."
तिला काय जातंय सांगायला. खरं सांगितलं तर सरांचं नाव जातं, मॅडमचं जातं, आणि सोमवारी माझं. रडले, तिच्यासमोरच. तिने हात धुतले नाहीत, तसाच पाठीवर ठेवला.

१९ जून
घरी रेंज नाही म्हणून राजूरच्या स्टँडवर. लिहिलं: दोन्ही मसुदे माझेच, इकडे अशी पद्धत आहे, मी ती मानायला नको होती. पाठवण्याआधी सर आणि मॅडम दोघांनाही कळवलं, जे खरं तेच सांगतेय म्हणून. मॅडमचं उत्तर आलं, 'ठीक.' राग आहे की काय, कळत नाही.
मेल गेला. दहा मिनिटांत सरांचे तीन कॉल, एकही घेतला नाही. माझी भीती गेली वगैरे काही नाही.
चौथा वाजतोय. उचलते.