पाकिटाची मागची बाजू

राणीसावरगाव, ता. गंगाखेड
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मंजुषास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना अक्काला लिहायची हुक्की कुठून आली म्हणशील. पण आमच्या घरात फोन आला की आधी स्पीकर लागतो, आणि सासूबाईंपासून शेजारच्या माधवीपर्यंत सगळ्या कान देऊन बसतात. मला जे म्हणायचंय ते चारचौघींत म्हणण्यासारखं नाही.

काल तुझ्या बचत गटातल्या सुलाबाई आल्या होत्या. हातात रबरी मोजे, डोक्याला टोपी, खांद्याला नंबर टाकलेल्या पिशव्यांची झोळी. ज्या ज्या बाईचा माल चटणीत जातो तिच्याकडून चमचाभर तपासायला न्यायचा, असा मंजुताईंचा हुकूम हाय म्हणाल्या. मी चहा पाजला आणि रिकाम्या हाती परत पाठवलं. मंजू, तुला पहिला घास मी भरवलाय. तू माझ्या डब्यात चमचा घालून बघणार? तुझ्या जवसाच्या चटणीला चव येते ती माझ्या भाजलेल्या मसाल्याने, हे अख्खं मानवत सांगेल. आणि तू मला त्या बायांच्या रांगेत उभं केलंस!

तुला वाटेल अक्का जळते. जळते मी. मला दहावी झाली की बोहल्यावर चढवलं, आणि तुला परभणीला होस्टेलवर ठेवून अन्नतंत्र शिकवलं. तेव्हाही महिन्याला चटणीचा डबा माझ्याकडूनच यायचा, तो तू कधी तपासला नाहीस.

यादी मागितलीस ती लिहून देते. लाल मिरची, लसूण, जिरे, मीठ. एवढंच. मसाल्याचे बारा डबे ह्यांच्याबरोबर एसटीने पाठवतेय.

लोभ आहेच, तो चमच्याने मोजू नकोस.
तुझी अक्का,
राजेश्री


मानवत
१५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
मंजुषाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आमचे हे, योगीराज, लय हसले. मला काही हसू आलं नाही. राग सोड. अक्काचा डबा राहू द्या, असं मी सुलाबाईंना सांगितलंय. सतरा जणींचा माल तपासायला गेला, तुझा नाही. तुझ्या यादीखाली, बरोबर आहे म्हणून, मीच सही केली.

पण हे सगळं कशासाठी ते ऐकून घे. माल हॉलंडला चाललाय. जगातल्या देशांनी आपसात व्यापाराचा करार केलाय. आपल्या लोकांच्या जिवासाठी ज्याने त्याने आपले नियम करावेत, फक्त त्याला शास्त्राचा आधार पाहिजे, आणि घरच्या मालाला एक अन् बाहेरच्याला दुसरा असा दुजाभाव चालणार नाही. म्हणजे लेकीला आणि सुनेला एकच नियम. त्यांच्याकडे चौदा पदार्थांची यादी आहे. त्यातलं काही मालात असलं तर पाकिटामागे ठळक अक्षरात लिहायचं. शेंगदाणा त्या यादीत आहे. दाणे ते लोकही आवडीने खातात, पण काही लेकरांना दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास कोंडतो. म्हणून दाणा घालायला बंदी नाही, न सांगता घालायला आहे.

आपल्या देशाच्या कायद्यातही हेच लिहिलंय बरं का. फक्त आपल्याकडे पाकिटाची मागची बाजू कुणी वाचत नाही. आमच्या शेडमध्ये मी दाणा येऊच देत नाही. सुलाबाईंना भाकरीबरोबर दाण्याची चटणी लागते, त्यांची ती सवय मोडायला मला दोन महिने लागले.

गाडी घटस्थापनेला, म्हणजे येत्या सोमवारी निघेल. नारळ तुझ्याच हाताने फुटावा असं सगळ्यांच्या मनात आहे. दाजींना घेऊन ये. भक्ती मावशीची वाट बघतेय.

मोठ्या मनाने धाकटीला सांभाळून घे.
तुझी,
मंजू


राणीसावरगाव
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मंजुषास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नारळ फोडायला आले नाही. अंगात कणकण होती असं कळवलं होतं. ते तुला खरं वाटलं नसेल, आणि ते खरं नव्हतंच.

भाऊबीजेला गोपाळला ओवाळायला माहेरी पेडगावला गेले. तू तिकडे कामात अडकलेली. घरात पाऊल टाकलं तर समोर टीव्हीच्या वर तुझा फोटो! माल भरलेली गाडी, तिच्यापुढे टोपी घातलेली तू, आणि फ्रेमला झेंडूचा हार. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये एवढंही आईला सुचलं नाही, इतकी ती हरखलीय. येईल त्याला ती फोटो दाखवायची आणि म्हणायची की ही माझी लेक, हिचा माल समिंदरापल्याड जायलाय. जशी तिला एकच लेक आहे. दुसरी तेव्हा चुलीपुढे अनारसे तळत होती. त्या चटणीतला मसाला कुणाचा, हे एकानेही विचारलं नाही, आणि आईनेही सांगितलं नाही. फराळाचं ताट मी तसंच ठेवलं, मंजू. तुझं चांगलं झालं तर मला आनंद व्हायला पाहिजे हे मला कळतं. तो होत नाही, त्याला मी काय करू?

करारातली गोष्ट मला पटली. घरच्याला आणि बाहेरच्याला एक नियम. पण तो पेडगावला कुणी लागू केला नाही. एका घरातल्या दोन लेकी, एकीला पुस्तकं आणि एकीला परात.

बाकी इकडे सगळं ठीक. सोयाबीन निघालं, सासूबाईंचे गुडघे दुखतात. एक सहज विचारते. तुझ्या त्या यादीतलं काही मूठभर चुकून गेलंच, तर तिकडे कोण एवढं उकरून बघत बसणार आहे?

आशीर्वाद नेहमीसारखेच, आज जरा तिखट लागतील.
राजेश्री


मानवत
२० नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

घात झाला अक्का. माल तिकडच्या बंदरावर अडवलाय. तपासणीत चटणीत शेंगदाणा सापडला. एखादा कण नाही, चांगला कळण्याइतका. पाकिटावर त्याचं नाव नाही. दाणा कुठून आला हे तो घालणाऱ्याच्या सहीने पंधरा दिवसांत कळवलं तर नवं लेबल चिकटवून माल सोडतील. नाही तर जाळून टाकतील आणि आमच्या गटाचं नाव कायमचं काळ्या यादीत. तीच चटणी मानवतला आणि परभणीला दुकानांतून गेलीय. आपल्या कायद्यानेही ती चूकच, म्हणून मी दारोदार फिरून पाकिटं परत आणतेय.

सगळ्या बायांचं बोट सुलाबाईंकडे आहे. दाण्याशिवाय त्यांना जेवण जात नाही, आणि त्यांच्या शेतात भुईमूग असतो. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या की लेकराची आन घेते ताई, शेडात मी एक दाना आनला न्हाई. मी विश्वास ठेवला नाही. तुमी घरी बसा म्हणून सांगितलं. त्यांनी टोपीची घडी केली, मोजे धुऊन दांडीवर वाळत घातले आणि गेल्या. नवरा गेल्यापासून त्यांचं घर या कामावर चालतं, हे मला माहीत असून मी असं केलं. शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला त्यांच्याकडून लिहून घ्यायचं ठरलंय. त्या सही करतील असं वाटतं, कारण नाही केली तर सतरा घरांचं नुकसान होईल, असं मी त्यांना बोलले.

तुझ्याशिवाय हे कुणापुढे बोलू? आईला अजून सांगितलं नाही.

तुझ्या मायेची आज फार गरज आहे.
मंजू


राणीसावरगाव
२५ नोव्हेंबर २०२५

चि. मंजू,

आशीर्वाद शेवटी लिहिते, घ्यावेसे वाटले तर घे. टपालाचा भरवसा नाही म्हणून पत्र ह्यांच्या हाती पाठवतेय. ते समोर बसलेले असतानाच वाच.

दाणे माझे आहेत. एका डब्याला एक मूठ, भाजून, सालं काढून, अगदी बारीक कूट करून. लसणाचा ओलावा धरतात आणि जवसाचा कडवटपणा मारतात. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, माझी मला सापडली. सासूबाईंना माहीत नाही, आईला सांगितली नाही. यादीत मुद्दाम लिहिली नाही. लिहिली असती तर उद्या तू मशीनमध्ये दाणे घातले असतेस, आणि माझ्या डब्यांची तुला गरज उरली नसती. तुझ्याकडे पदवी आहे, शेड आहे, हाराचा फोटो आहे. माझ्याकडे तेवढी एक मूठ होती.

हे झालं पहिलं पाप. दुसरं त्याहून मोठं आहे. दाण्याने लेकरांचा श्वास कोंडतो हे तुझं पत्र मला मिळालं, तेव्हा गाडी निघायला चार दिवस होते. फोन हातात घेतला होता. भोवती सगळ्या बसल्या होत्या, स्पीकरवर कसं बोलू, असं स्वतःला सांगून खाली ठेवला. खरं तर उठून परसात जाता आलं असतं. मला वाटलं, एकदा तुझंही काही अडावं. एकदा आईने म्हणावं की मंजीचं चुकलं. कुणाचं लेकरू मरावं असं माझ्या मनात नव्हतं गं, पण त्या लेकराचा विचारही मी केला नाही.

सुलाबाईंकडून सही घेऊ नकोस. या कागदाखाली माझी सही आणि पूर्ण नाव आहे. तिकडे कळवायला वेगळा कागद लागत असेल तर ह्यांच्याबरोबर पाठव, डोळे झाकून सही करते. गटात सगळ्यांपुढे वाचून दाखव.

आशीर्वाद.
राजेश्री बजरंग जाधव


मानवत
१ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दाजी समोर बसले होते म्हणून ओरडले नाही. तुझा कागद इंग्रजी करून तिकडे पाठवलाय. तिकडून उत्तर आलं, नवं लेबल लावून माल सोडतील. माफ केलं असं लिहायला हात उठत नाही. ते लिहिण्यापुरतं लिहू नये एवढं मला कळतं.

पण यादीखालची सही माझी होती. तुझ्या मानासाठी तुझा डबा सोडला असं मी सगळ्यांना सांगितलं, ते अर्धं खरं. होस्टेलवर मुली माझ्याशी मैत्री करायच्या त्या तुझ्या डब्यासाठी. एवढं शिकून, एवढी यंत्रं घेऊन मला ती चव आजपर्यंत आली नाही. तू रुसून डबे बंद केलेस तर मंजुताईंच्या हाताला काहीच चव नाही हे सगळ्यांना कळेल, अशी मला धास्ती होती. तुला माझ्या फोटोचा हेवा वाटला. मला तुझ्या हाताचा वीस वर्षं वाटतोय, आणि मी तो कधी लिहून दिला नाही.

सुलाबाईंकडे मी जाऊन आले. त्या परत यायला तयार नाहीत. माझं काम मी केलं, आता तुझं तू कर. आणि इथून पुढे पहिला चमचा तुझ्या डब्यातला.

रागासकट तुझीच,
मंजू


राणीसावरगाव
११ जानेवारी २०२६

चि. सौ. मंजुषास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

सुलाबाईंकडे तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा पाणी दिलं आणि आत गेल्या. तिसऱ्यांदा मी पायाला हात लावला तर मागे सरकून म्हणाल्या की बाई, पाया पडून काय व्हनार, बायांनी मला चोर म्हनलं ते तुमी सगळ्यांपुढं पुसा. म्हणून तुझ्या शेडात सतरा जणींपुढे मी माझं पत्र मोठ्याने वाचलं. तू मान खाली घालून उभी होतीस. मला वाटलं होतं लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होईल, पण शेवटच्या ओळीला आवाज नीट निघाला.

परवा त्या इकडे आल्या. मोजे, टोपी, तीच झोळी. डब्यात चमचा घातला, पिशवीला गाठ मारली, वर चिठ्ठी चिकटवली आणि नाव विचारलं. माहीत असून विचारलं. मी सांगितलं. मग मालात काय काय हाय, असं विचारलं, आणि मी दाण्यापासून सुरुवात केली.

तू पाठवलेलं नवं पाकीट मिळालं. मागे बाकीच्या जिन्नसांत शेंगदाणे तेवढे ठळक. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, हे कोण वाचायलंय! मी दहा वेळा वाचलं.

ते घेऊन काल पेडगावला गेले आणि टीव्हीवर तुझ्या फोटोशेजारी ठेवलं, मागची बाजू पुढे करून. आईला वाचता येत नाही. उलटं का ठेवलंस म्हणाली. तेव्हा मी चुलीपाशी बसून तिला सगळं सांगितलं, फोन हातात घेऊन खाली ठेवला तेही. हातातली भाकरी तिने तव्यावर टाकली. मग म्हणाली की लेकरांच्या जिवाचं कळल्यावर गप बसलीस हे लय वाईट केलंस. आणि दाणे हायेत ते मला पयल्या घासालाच कळलं व्हतं. मंजीला शाळा दिली, तुला काय दिलं आमी? तेवढं एक तुझ्यापाशी व्हतं, म्हनून कधी विचारलं न्हाई.

मंजू, मी तिच्या चुलीपुढे लहान पोरीसारखी रडले.

संक्रांतीला ये. पाकीट तिथेच आहे. तुझा फोटो मी हलवला नाही, फक्त जरा सरकवला.

लोभ सगळा लिहून दिलाय, यादीत आता काही राहिलेलं नाही.
तुझी अक्का,
राजेश्री